निकेल कार्बोनिल: प्लांटवर नव्याने रुजू होताना

एम.एस्सी. करून नाशिकजवळच्या अंबडच्या किंवा सिन्नरच्या कारखान्यांत रुजू झालेली मुलं सेफ्टी इंडक्शन संपलं की एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, ते निकेल कार्बोनिल ठेवलंय कुठे?" स्टोअरच्या यादीत ते सापडत नाही. मी ज्या तीन-चार ठिकाणी काम केलं, तिथे ते कधी कुणी मागवलंच नव्हतं. धास्ती मात्र सगळीकडे होती. हे विष ड्रममधून आत येत नाही. निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड बेताच्या उबेला एकत्र आले की ते जागच्या जागी तयार होतं, आणि तयार झाल्याचं कुणाला कळत नाही.

म्हणून बाटली कशी धरावी हे इथे फारसं नाही. ते कुठे जन्माला येऊ शकतं, आणि आलंच तर पहिल्या दहा मिनिटांत नि पुढच्या पाच दिवसांत काय करायचं, एवढं सांगतो.

आधी त्याची जात ओळखा

मधोमध निकेलचा एक अणू आणि चार कोपऱ्यांना कार्बन मोनॉक्साइडचे चार रेणू, अशी याची रचना. धातू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जड, थंड, टणक वस्तू येते. हा धातू मात्र पाण्यासारखा पातळ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर द्रव होऊन बसलेला असतो, आणि झाकण उघडं राहिलं तर उडून जातो. समुद्रसपाटीला तो ४३ अंश सेल्सिअसला उकळतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब थोडा कमी. हिशेब केला तर आपल्याकडे तो ४१ अंशांच्या आसपासच उकळेल. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, हे लक्षात घ्या. पत्र्याच्या शेडखाली तर बोलायलाच नको.

वाफ हवेच्या जवळजवळ सहा पट जड असते. ती वर जात नाही. पंपाच्या खड्ड्यात, केबलच्या चरात, तळघरात जाऊन साचते. डिसेंबर-जानेवारीत गंगापूर-निफाडकडे पहाटेचं धुकं जसं खोलगट भागात पडून राहतं, तसंच. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोल-बेंझिनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं. आगीच्या बाबतीतही ते पेट्रोलच्या पंगतीतलं आहे. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेट घेऊ शकेल ते किमान तापमान, शून्याच्या बराच खाली, हवेत २ टक्के वाफ झाली की पेटायला पुरेशी, आणि ६० अंशांच्या आसपास ती आपसूक भडकू शकते.

शोधाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा धोका त्यात आलेला आहे. लुडविग माँड या रसायन-उद्योजकाच्या कारखान्यात निकेलच्या व्हॉल्व्ह लवकर खराब होत होत्या, आणि वायूत थोडा कार्बन मोनॉक्साइड होता. कारण शोधायला त्याने कार्ल लँगर आणि फ्रीड्रिख क्विंके यांच्यासोबत बारीक निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड सोडून पाहिला. बाहेर पडणारा वायू विषारी, म्हणून ते तो नळीच्या तोंडाशी जाळून टाकत. भट्टी गरम होती तोवर ज्योत नेहमीसारखी होती. भट्टी निवत आली तेव्हा ज्योत उजळली, आणि तिच्यावर थंड चिनीमाती धरली तर निकेलचा आरसा उमटला. हे १८९० साली छापून आलं. पुढे याच गुणावर निकेल शुद्ध करण्याची पद्धत उभी राहिली आणि १९०२ मध्ये वेल्समधल्या क्लायडॅकला रिफायनरी सुरू झाली.

"भट्टी निवत आली तेव्हा" हे शब्द डोक्यात ठेवा. त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आकडे, एकदाच पण नीट

अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत आठ तासांच्या कामासाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ५० पीपीएम (हवेच्या दशलक्ष भागांत ५० भाग) आहे, हायड्रोजन सायनाइडची १०, आणि निकेल कार्बोनिलची ०.००१. म्हणजे अब्जात एक भाग. सायनाइडचं नाव काढलं की घाम फुटतो, आणि हे त्याच्या दहा हजारपट कडक मर्यादेतलं. जीविताला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी २ पीपीएम.

आता कागद-पेन घ्या. दहा बाय बारा फुटांची खोली, दहा फूट उंच, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. त्यात १ मिलीलिटर, म्हणजे वीसेक थेंब, सांडलं आणि सगळं उडालं. १ मिलीलिटरचं वजन १.३२ ग्रॅम, त्याची वाफ सुमारे १९० मिलीलिटर. खोलीभर सारखी पसरली तर साडेपाच पीपीएम. जिवावरच्या पातळीच्या पावणेतीन पट, आणि कामाच्या मर्यादेच्या साडेपाच हजार पट. एका थेंबानेही मर्यादा पावणेतीनशे पट ओलांडली जाते. हा हिशेब मी प्रत्येक नव्या मुलाला स्वतः करायला लावतो. दुसऱ्याने सांगितलेला आकडा विसरतो, आपण काढलेला राहतो.

आणि वास? दमट भिंतीसारखा, काजळीसारखा कुबट वास येतो म्हणतात. तो माणसाला कळू लागतो १ ते ३ पीपीएमला. तोवर मर्यादा हजार पट मागे पडलेली असते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हाताने वारा घेऊन वास बघायची जी सवय लागते, ती इथे गेटवरच सोडून या.

तुमच्या प्लांटवर ते कुठे तयार होऊ शकतं?

पहिल्या आठवड्यातलं तुमचं खरं काम हे. सिनियरच्या मागे लागून प्लांटचा पाइपिंग-आराखडा मागा आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे निकेल आहे तिथे एक रंग, जिथे कार्बन मोनॉक्साइड आहे किंवा असू शकतो तिथे दुसरा. दोन रंग जिथे एकमेकांना भिडतील, तिथे थांबून विचार करायचा.

निकेल कुठे? रेनी निकेल, म्हणजे निकेलची बारीक सच्छिद्र भुकटी, हे पहिलं नाव. औषधांच्या कच्च्या मालात हायड्रोजन जोडायला ते सर्रास वापरतात. वनस्पती तूप बनवतानाही निकेलचाच कॅटॅलिस्ट (प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) असतो. मिथेनेशन आणि रिफॉर्मिंग या वायूंच्या प्रक्रियांच्या बेडमध्ये, म्हणजे रिॲक्टरमधल्या कॅटॅलिस्टच्या थरात, असतो. बारीक भुकटीच्या रूपातलं, पृष्ठभाग ताजा असलेलं निकेल सगळ्यात तापट. उच्च दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड निकेलयुक्त स्टीलच्या पाइपलाही सोडत नाही, हेही नोंदवून ठेवा.

सातपूर-अंबडला निकेल प्लेटिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे तिथल्या मुलांचा एक गोंधळ होतो. प्लेटिंगच्या टाकीत निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड असतं. त्याने कातडीला ॲलर्जी येते, त्याचे तुषार फुफ्फुसांना वाईट, पण त्या टाकीतून निकेल कार्बोनिल निघत नाही. तिथे भीती वेगळी आणि उपायही वेगळे.

कार्बन मोनॉक्साइड कुठे? सिलिंडरचा असेल तर तो दिसतो. न दिसणारा जास्त वाईट. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनमध्ये तो शेष राहू शकतो, पाण्याच्या विद्युत-विघटनातून आलेल्या हायड्रोजनमध्ये ही भानगड नसते. म्हणून हायड्रोजन कुठून येतो आणि त्याच्या प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइड किती लिहिलाय, हे विचारा. विचारल्याबद्दल कुणी हसलं तर हसू द्या.

सिलिंडरची आणखी एक गंमत. कार्बन मोनॉक्साइड स्टीलच्या सिलिंडरमध्ये बराच काळ राहिला की तो लोखंडालाही लागतो आणि आयर्न पेंटाकार्बोनिल तयार होतं. हे निकेलवाल्याचं धाकटं भावंड, पिवळट द्रव, १०३ अंशांना उकळणारं. विषारी तेही. म्हणून नाजूक कामाला ॲल्युमिनियमचे सिलिंडर बरे.

आता भट्टीकडे परत. निकेल कार्बोनिल ५०-६० अंशांना झपाट्याने बनतं आणि २०० च्या आसपास पुन्हा निकेल आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये मोडतं. त्यामुळे ३०० अंशांवर चाललेला बेड या बाबतीत निर्धास्त. धोका असतो तो बंद करताना आणि सुरू करताना, तापमान मधल्या पट्ट्यातून जातं तेव्हा. अंगवळणी पाडायचा नियम असा: कॅटॅलिस्ट २०० अंशांच्या खाली असताना त्याला कार्बन मोनॉक्साइड लागू द्यायचा नाही. बंद करताना बेड गरम असतानाच प्रोसेस गॅस तोडून नायट्रोजन सोडायचा आणि नायट्रोजनमध्येच निवू द्यायचं. सुरू करताना आधी नायट्रोजनमध्ये तापवायचं, मग गॅस. दाब जास्त असेल तर हा २०० चा आकडाही वर सरकतो, म्हणून तुमच्या प्लांटच्या एसओपीतला (कामाच्या लेखी कार्यपद्धतीतला) आकडा तोच खरा. रात्रपाळीला वीज गेली आणि बेड आपोआप निवत गेला तर काय करायचं, हे एसओपीत आहे का तेही वाचून बघा. मी पाहिलेल्या एका एसओपीत ते पान नव्हतं.

कामाला हात लावण्याआधी

सेफ्टी डेटा शीट वाचा. त्यावर यूएन क्रमांक १२५९ दिसेल. अपघाताच्या वेळी अग्निशमन दलाला फोनवर सांगायचा तो क्रमांक हाच.

खिशाला लावायचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळेल. तो लावाच, पण त्याची मर्यादा समजून घेऊन. तो साधारण ३५ पीपीएमला ओरडतो, आणि ओरडतो कार्बन मोनॉक्साइडसाठी. निकेल कार्बोनिल त्याला कळत नाही. अलार्म वाजला तर बाहेर पळा. नाही वाजला तर काहीच सिद्ध होत नाही. अब्जातला एक भाग मोजणारी यंत्रं वेगळी असतात, भिंतीवर बसवलेली, नळीने हवा ओढणारी. तुमच्याकडे असेल तर त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं ते बघा.

मास्कबद्दल स्पष्ट बोलतो. कार्ट्रिजचा मास्क लावून या वायूत काम करायला जायचं नाही. चालतो तो फक्त बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा किंवा पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संच, पूर्ण चेहरा झाकणारा. तो चढवायला तुम्हाला किती सेकंद लागतात हे घड्याळ लावून मोजा. दाढी असेल तर कडेने गळतो, म्हणून दाढी काढावी लागते. यावर वाद घालणारे दोघंतिघं प्रत्येक बॅचला भेटतात.

लॅबमध्ये असाल तर काम फ्यूम हूडमध्येच, एकट्याने कधीच नाही. रेनी निकेल ओलं ठेवा. वाळलं की हवेत आपोआप पेटतं, ती वेगळीच कटकट. वापरलेला कॅटॅलिस्ट काढण्यासाठी रिॲक्टर उघडायचा असेल तर नायट्रोजन सोडून आतला वायू किती वेळा बाहेर काढला (पर्ज केलं) आणि कुणी मोजून सही केली, हे परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, असलं पाहिजे. सही नसेल तर मॅनहोलला पाना लावू नका, सुपरवायझर घाई करत असला तरी. नायट्रोजनने भरलेल्या भांड्यात डोकं घातलं तर प्राणवायूअभावी माणूस दोन श्वासांत कोसळतो, हेही त्याच वेळी आठवा.

गळती झाली तर

वाऱ्याच्या उलट्या दिशेने, आणि उंचाकडे. विंडसॉक कुठे लावलाय ते रोज आत येताना बघायची सवय ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा साधारण पश्चिमेकडून असतो, पण शेडच्या कोपऱ्यात तो फिरतो, त्यामुळे अंदाजाने पळू नका.

आत कुणी पडलेला दिसला तरी हवेच्या संचाशिवाय आत जायचं नाही. ओला रुमाल तोंडाला बांधून जाणारे शूर मी पाहिलेत. हा वायू पाण्यात विरघळत नाही, मग ओला रुमाल काय अडवणार? बाहेर आलात की कपडे काढा. वरचे नव्हे, सगळे. लाज नंतर. द्रव अंगावर उडाला असेल तर साबण-पाण्याने भरपूर धुवा, कारण तो कातडीतूनही शिरतो. डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटं पाण्याखाली.

मग ११२ किंवा १०८. आणि इथून पुढे जे आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

बरं वाटलं तरी घरी जायचं नाही

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका कारखान्यात, आमच्या पाळीतल्या एका ऑपरेटरचं फिल्टर उघडताना डोकं जड झालं. मळमळलं, एकदा उलटी झाली. बाहेर बाकड्यावर बसवलं, लिंबूपाणी दिलं, अर्ध्या तासात गडी हसायला लागला. फर्स्ट एडच्या वहीत "ॲसिडिटी" अशी नोंद झाली. पाळी संपल्यावर तो मोटारसायकलवर सिडकोतल्या घरी गेला, जेवला, झोपला. दुसरा दिवस साप्ताहिक सुट्टीचा. तो दिवसभर ठीक होता, संध्याकाळी मुलीला घेऊन फिरूनही आला. तिसऱ्या दिवशी पहाटे छाती आवळली, कोरडा खोकला थांबेना, ओठ निळे पडले. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथे न्यूमोनिया म्हणून उपचार सुरू झाले. कारखान्यात काय झालं होतं हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण वहीत ॲसिडिटी होती. तो वाचला. दहा दिवस ऑक्सिजनवर होता आणि पुढे जिना चढताना कायम थांबायचा. वहीतली ती नोंद मी केली होती.

निकेल कार्बोनिलची चाल अशीच असते. पहिल्या टप्प्यात डोकेदुखी, चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप न लागणं. मोकळ्या हवेत हे ओसरतं. मग मधला फसवा काळ, बहुधा १२ ते ३६ तासांचा, क्वचित पाच दिवसांपर्यंत लांबणारा. त्यात माणूस ठणठणीत दिसतो, सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. त्यानंतर फुफ्फुसांना सूज, दम, ताप, ओठ-नखं निळी पडणं, प्रचंड थकवा. दगावणारे रुग्ण बहुतेकदा चौथ्या ते तेराव्या दिवसाच्या दरम्यान दगावतात.

म्हणून संपर्काचा नुसता संशय आला तरी रुग्णालयात भरती व्हायचं आणि निरीक्षणाखाली राहायचं. सोबत जाणाऱ्या माणसाने एक गोष्ट न विसरता करायची: संपर्कानंतरच्या पहिल्या ८ तासांत होणारी सगळी लघवी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत साठवायची. त्यातल्या निकेलवरून मात्रा किती गेली याचा अंदाज बांधतात. लिटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे सौम्य, १०० ते ५०० मध्यम, ५०० च्या वर गंभीर. ही तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. अहवाल यायची वाट बघत रुग्णाला घरी पाठवू नका म्हणून डॉक्टरांना विनवा.

औषधांमध्ये निकेलला पकडून बाहेर काढणारं सोडियम डायइथाइलडायथायोकार्बामेट हे पूर्वीपासून वापरलं गेलं आहे. ते हाताशी नसेल तेव्हा डायसल्फिरामचा विचार केला जातो, कारण शरीरात त्याचंच रूपांतर त्या औषधात होतं. हेच डायसल्फिराम दारू सोडवायला देतात, त्यावर दारू घेतली तर जीव नकोसा होतो. दिंडोरी-निफाडकडची मुलं हे चटकन समजतात. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली की त्या दिवशी दारूला शिवायचं नाही हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं. शरीरातला अडथळा तोच. या औषधांचा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा. मेडिकलमधून आणून स्वतः घ्यायची ही गोष्ट नव्हे.

खिशातली चिठ्ठी

हेल्मेटच्या आत किंवा ओळखपत्राच्या मागे एक कार्ड ठेवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. मजकूर एवढाच:

"हा रुग्ण निकेल कार्बोनिल, म्हणजे निकेल टेट्राकार्बोनिल, या वायूच्या संपर्कात आला असण्याची शक्यता आहे. तारीख आणि वेळ: ____. सध्या लक्षणे नसली तरी १२ ते ३६ तासांनी, क्वचित पाच दिवसांपर्यंत, फुफ्फुसांना सूज येऊ शकते. कृपया भरती करून निरीक्षणाखाली ठेवावे. पहिल्या ८ तासांची लघवी निकेल तपासणीसाठी राखून ठेवली आहे. या वायूसोबत कार्बन मोनॉक्साइडही गेला असू शकतो, त्यामुळे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा फसवा असू शकतो. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन: ____."

वेळ लिहायची जागा रिकामी ठेवलीय, ती तिथल्या तिथे पेनाने भरायची. पेन कार्डालाच बांधून ठेवा.

राहिला रस्ता. सिन्नरहून नाशिकला यायचं तर पुणे महामार्गाने नाशिकरोड आणि मग द्वारका. संध्याकाळी सहाला द्वारका चौकात रुग्णवाहिका कशी रुतते हे नाशिककराला सांगायला नको, आणि सिंहस्थात तर रस्तेच वळवलेले असतील. ऑक्सिजन, एक्स-रे आणि आयसीयू असलेलं, द्वारकेच्या अलीकडे, प्लांटच्या बाजूला पडणारं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा. शक्य असेल तर सेफ्टी ऑफिसरला घेऊन तिथल्या कॅज्युअल्टीत एकदा जाऊन या आणि कार्डाची एक प्रत त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवायला द्या.